पुरुषभर उंचीची फट

(टी. वाय. बी. ए., राज्यशास्त्र)

दिनांक २६ फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत अंधेरीच्या गोपाळ कृष्ण गोखले पुलाची एक बाजू वाहनांसाठी खुली झाली. हा पूल ७ नोव्हेंबर २०२२ पासून बंद होता. मधल्या जवळजवळ सोळा महिन्यांत अंधेरीच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणाऱ्या माणसाचे जे हाल झाले ते ज्याचे त्यालाच ठाऊक. पावसाळ्यात अंधेरीचा आणि मिलनचा भुयारी मार्ग पाण्याखाली, पार्ल्याच्या कॅप्टन गोरे पुलावर गाड्यांची रांग, आणि जोगेश्वरीकडून जावे तर लांबचा वळसा, असा सारा मामला होता. तेव्हा पूल सुरू झाल्याचा आनंद लोकांना व्हावा हे स्वाभाविकच होते. परंतु पुलावर चढून पश्चिमेकडे पाहिल्यावर एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. शेजारचा सी. डी. बर्फीवाला उड्डाणपूल पूर्वी गोखले पुलाला जोडलेला होता आणि त्यावरून सरळ जुहूच्या दिशेने जाता येत असे. तो आता या नव्या पुलापासून दीड-दोन मीटर, म्हणजे जवळजवळ पुरुषभर खाली राहिला होता. एक पूल वर, एक पूल खाली, आणि मध्ये फट!

वर्तमानपत्रांनी छायाचित्रे छापली. व्यंगचित्रकाराला वेगळी कल्पना सुचण्याची गरजच उरली नाही. लोकल गाडीत, कॅन्टीनमध्ये, स्टाफरूममध्ये जो तो अभियंत्यांना हसला. ‘टेप घेऊन मोजले नव्हते काय?’ हा प्रश्न शेंबड्या पोरानेही विचारला असेल. ज्यांच्या नावाचा हा पूल ते नामदार गोखले पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष होते आणि अंदाजपत्रकातील आकडा न् आकडा पारखण्याबद्दल त्यांची ख्याती होती. त्यांच्याच नावाच्या पुलाच्या मापाचा मेळ बसू नये, हाही एक योगायोगच म्हणायचा.

पण मित्रहो, हसून झाल्यावर थोडा विचार केला तर अभियंत्यांना हसणे अन्यायाचे आहे असे माझे मत आहे. कारण याच अभियंत्यांनी पुढे काय केले ते पाहा. मुंबईच्या आय. आय. टी.तील आणि व्ही. जे. टी. आय.मधील तज्ज्ञांचा सल्ला घेऊन, खाली जॅक लावून, त्यांनी अख्खा बर्फीवाला पूल एका बाजूस १३९७ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूस ६५० मिलिमीटर उचलला आणि गोखले पुलाला नेऊन भिडवला. ४ जुलै २०२४ रोजी त्यावरून वाहने धावू लागली. उभा पूल मिलिमीटरच्या हिशेबाने उचलणारी माणसे टेप धरायला विसरली असतील, हे काही पटत नाही. विद्येची वाण इथे नाही. उणीव आहे ती दुसरीकडे, आणि ती कुठे आहे हे शोधणे आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांचेही काम आहे. सिमेंट आणि लोखंड अभियंत्यांनी पाहावे, परंतु अधिकार कोणाकडे आणि जबाबदारी कोणाची, हा प्रश्न राज्यशास्त्राचा आहे.

गोखले पुलाचीच कुळकथा थोडी मागे जाऊन पाहू. पूल १९७५ सालचा. ३ जुलै २०१८ रोजी, भर पावसात सकाळी, त्याच्या पादचारी मार्गाचा भाग खालच्या रुळांवर कोसळला. जखमींपैकी दोघांचा पुढे मृत्यू झाला. त्या दिवशी पश्चिम रेल्वे ठप्प झाली, आणि गाड्या सुरू होण्याआधीच वाद सुरू झाला, की पूल कोणाचा? रेल्वे म्हणे महापालिकेचा, महापालिका म्हणे देखभाल रेल्वेची, त्यासाठी आम्ही पैसे देतो. तुझे माझे जमेना आणि तुझ्यावाचून करमेना, अशी या दोन संस्थांची अवस्था आहे. रुळांवरचा भाग रेल्वेच्या हद्दीत, दोन्ही बाजूंचे उतार महापालिकेच्या हद्दीत, पुलावरचा रस्ता महापालिकेचा, पुलाखालचा रेल्वेचा. पुलावरून चालणारा माणूस मात्र एकच असतो. आपण आता कोणाच्या हद्दीतून चाललो आहोत हे त्याला पाय घसरल्याशिवाय कळत नाही.

या घटनेनंतर रेल्वेवरील पुलांची तपासणी झाली आणि लोअर परळचा डिलाईल रोड पूल धोकादायक ठरून २४ जुलै २०१८ रोजी बंद झाला. तो दोन्ही बाजूंनी पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. म्हणजे पाच वर्षांच्या वर. गिरणगावात आता गिरण्या नाहीत, मोठमोठी कार्यालये आहेत. तिथे रोज कामाला जाणाऱ्या हजारो माणसांनी ही पाच वर्षे पुलाला वळसा घालून काढली. इथेही रुळांवरचे काम एकाचे आणि उतारांचे काम दुसऱ्याचे होते.

१४ मार्च २०१९ रोजी संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल पडला व सात माणसे गेली. त्या संध्याकाळीसुद्धा पहिले काही तास पूल कोणाचा याचीच चर्चा चालली. तो महापालिकेचा निघाला. वर्षभरापूर्वीच्या तपासणीत त्याला किरकोळ दुरुस्ती सुचवून चालण्याजोगा ठरवले होते, हे नंतर बाहेर आले. तेव्हा प्रत्येक दोष समन्वयाच्या माथी मारावा असे मी म्हणत नाही. काही ठिकाणी काम करणाराच चुकलेला असतो. परंतु मेलेल्या माणसांची ओळख पटण्याआधी पुलाची मालकी शोधावी लागते, ही गोष्ट वेगळी नोंदवण्यासारखी आहे.

आता गोखले पूल आणि बर्फीवाला पूल यांच्यातील फट कशी पडली ते पाहा. रुळांच्या वर किती मोकळी उंची सोडायची याचे रेल्वेचे निकष जुना पूल बांधला तेव्हाचे राहिलेले नव्हते. नव्या निकषानुसार नवा पूल उंच बांधावा लागला. रेल्वेच्या दृष्टीने हे बरोबर. तिचे काम गाड्या सुरक्षित चालवणे. महापालिकेच्या पूल खात्याने रेल्वेने मागितलेली उंची दिली. तिच्याही दृष्टीने हे बरोबर, कारण न दिली तर परवानगी नाही. राहिला बर्फीवाला पूल. तो रुळांवर नाही, म्हणून रेल्वेच्या नकाशात नाही. आणि मंजूर झालेले काम गोखले पुलाचे, म्हणून त्या कंत्राटातही तो नाही. प्रत्येकाने आपापल्या कागदावरचे काम चोख केले आणि फट राहिली ती दोन कागदांच्या मध्ये. ही फट आधी कोणालाच दिसली नाही असेही नसेल. पण दिसली तरी ती बुजवणे हे ज्याचे नेमून दिलेले काम आहे असा माणूस या साऱ्या व्यवस्थेत कोठे बसतो, हे मला सांगता येत नाही, आणि आमच्या वर्गात चर्चा झाली तेव्हा कोणालाच सांगता आले नाही.

मुंबईत रस्ते, पूल, रेल्वे, जमीन यांवर सत्ता चालवणाऱ्या संस्था तरी किती! महापालिका, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, राज्य रस्ते विकास महामंडळ, सार्वजनिक बांधकाम खाते, म्हाडा, मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे, बंदर प्राधिकरण, विमानतळ. शिवाय वीज, दूरध्वनी, गॅस यांच्या कंपन्या निराळ्या. नुसता समुद्रकिनारा घ्या. मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंतचा सागरी किनारा मार्ग महापालिकेचा, वरळी ते वांद्रे सागरी सेतू रस्ते विकास महामंडळाचा, वांद्रे ते वर्सोवा सेतूही महामंडळाचा, आणि वर्सोव्याच्या पुढे दहिसरकडचा मार्ग पुन्हा महापालिकेचा. एकाच किनाऱ्यावर एकाच दिशेने जाणाऱ्या माणसासाठी संस्था दोन, आणि त्याही आलटून पालटून. तिकडे पूर्व किनाऱ्यावर शिवडी ते न्हावाशेवा हा अटल सेतू प्राधिकरणाने बांधला. तो जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला तेव्हा त्याला वरळीशी जोडणारा मार्ग तयार नव्हता. त्या मार्गासाठी प्रभादेवीचा शंभर वर्षांहून जुना एल्फिन्स्टन पूल पाडणे भाग होते, आणि त्यासाठी तो पूल बंद व्हायला सप्टेंबर २०२५ लागला. वीस-बावीस किलोमीटरचा सागरी सेतू आधी झाला, आणि रेल्वेच्या रुळांवरचे गाडे अडून राहिले.

या संस्थांचे धनी वेगवेगळे आहेत, हे खरे दुखणे. रेल्वेचा धनी दिल्लीत. प्राधिकरण व महामंडळ राज्य सरकारच्या हाताखाली. महापालिका नावाने मुंबईकरांची, परंतु तिचा कारभार चालवणारे आयुक्त राज्य सरकारने नेमलेले, आणि आपण ज्यांना महापौर म्हणून हार घालतो त्यांना एका खड्ड्याबद्दलही आयुक्तांना हुकूम देता येत नाही. त्यातही मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाही. शहर प्रशासकाच्या हाती राहिले. गोखले पूल बंद झाला, पाडला गेला, अर्धा बांधला गेला, फट पडली, फट बुजली आणि ११ मे २०२५ रोजी संपूर्ण पूल खुला झाला, या साऱ्या काळात अंधेरीच्या नागरिकाने दार ठोठवावे असा त्याने निवडलेला नगरसेवक एकही नव्हता. पुढे सर्व वाद मिटले तरी ही गोष्ट कोणी विसरू नये असे मला वाटते.

आमचे एक प्राध्यापक म्हणतात, यावर उपाय सोपा आहे, सगळ्यांच्या वर एक समन्वय करणारी संस्था नेमावी. सरांविषयी पूर्ण आदर ठेवून मी एवढेच म्हणेन की हा उपाय करून झालेला आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २६ जानेवारी १९७५ रोजी अस्तित्वात आले ते नियोजन आणि समन्वय यांसाठीच. अनेक संस्था आहेत, त्यांच्यात मेळ घालणारे कोणीतरी हवे, हाच त्यामागचा विचार. पुढे काय झाले? मेळ घालणे हे मोठे निरस काम. त्यात कोनशिला बसवता येत नाही, फीत कापता येत नाही. पूल बांधले की ते दिसतात. हळूहळू हे प्राधिकरण स्वतःच उड्डाणपूल, मोनोरेल, मेट्रो आणि सागरी सेतू बांधू लागले. पंच म्हणून ज्याला मैदानात पाठवले तोच बॅट घेऊन उभा राहिला. मग धावचीत कोणी द्यायचा? आता प्राधिकरण आणि महापालिका यांच्यात समन्वय साधण्यासाठी बैठका भरतात.

हे काही आजचेच आहे असेही नव्हे. १८९६ च्या प्लेगनंतर इंग्रज सरकारने मुंबई महापालिकेच्या शेजारी १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची वेगळी संस्था उभी केली. कारण असे की महापालिकेकडून एवढे मोठे काम होणार नाही असे सरकारला वाटले. ट्रस्टने गल्ल्या फोडून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या. तिच्या कामाचे मोल कमी लेखता येणार नाही. पण एका गावात दोन कारभारी किती दिवस नांदणार? अखेर १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन करावा लागला. महापालिकेवर विश्वास नाही म्हणून नवी संस्था काढायची, या संस्थेमुळे महापालिका आणखी दुबळी होते, आणि ती दुबळी दिसते म्हणून पुन्हा तिसरी संस्था काढायची. सव्वाशे वर्षांत हा क्रम बदललेला नाही.

मग मेळ कधी बसतच नाही काय? बसतो. नागपूरचे उदाहरण घ्या. वर्धा मार्गावर राष्ट्रीय महामार्गाला उड्डाणपूल बांधायचा होता आणि त्याच रस्त्यावरून मेट्रोही न्यायची होती. अंधेरीच्या रीतीने काम झाले असते तर आधी एकाने खांब रोवले असते, मग दुसऱ्याने ते चुकवत आपले रोवले असते. तसे झाले नाही. एकाच खांबावर खाली उड्डाणपूल आणि त्याच्या वर मेट्रो, अशी ३.१४ किलोमीटरची रचना झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये ती सुरू झाली आणि २०२२ साली गिनीज बुकात तिची नोंद झाली. नागपूरकरांना त्याचा अभिमान असल्यास तो सार्थ आहे. मात्र हे नागपुरातच का झाले याचाही विचार करावा. महामार्गांचे केंद्रीय मंत्री त्याच शहराचे, आणि तेव्हाची काही वर्षे राज्याचे मुख्यमंत्रीही त्याच शहराचे. दोन खात्यांना एका खोलीत बसवून ‘उद्यापर्यंत ठरवा’ असे सांगणारे वजन तिथे होते.

तीच गोष्ट लष्कराने बांधलेल्या पुलाची. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचे प्राण गेले. त्यानंतर लष्कराला बोलावण्यात आले आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी नवा पादचारी पूल लोकांसाठी खुला झाला. पाच महिनेसुद्धा झाले नव्हते. जमीन तीच होती, रेल्वे तीच होती, परवानग्या देणारी कार्यालयेही तीच होती. म्हणजे अडचण परवानगीत नव्हती. परवानगी कोण मागतो यात होती. जवानांच्या कामाला माझा सलाम आहे, परंतु रेल्वे स्थानकावरचा जिना बांधायला सैन्य लागावे याचा अभिमान कसा बाळगायचा? आणि प्रत्येक गल्लीला मंत्री लाभतोच असेही नाही. ज्या शहराच्या वाट्याला वजनदार माणूस येत नाही, त्याने काय करावे?

पुण्याच्या मित्रांना वाटत असेल, हे मुंबईचे रडगाणे. त्यांनी विद्यापीठ चौक आठवावा. तिथला उड्डाणपूल बांधून जेमतेम चौदा वर्षे झाली होती. तो २०२० च्या जुलैत, टाळेबंदीच्या दिवसांत, मेट्रोसाठी पाडण्यात आला. पूल मोडकळीला आलेला नव्हता. जमिनीवर त्याने अडवलेली जागा मेट्रोला हवी होती, एवढेच. मग तिथे मेट्रोसह दुमजली पुलाचे काम निघाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याचा काही भाग सुरू झाला. मधली पाच वर्षे त्या चौकात ज्यांनी सिग्नल मोजले त्यांना मी वेगळे काय सांगणार!

मोठ्या पुलांचे ठीक आहे, ते वर्तमानपत्रात तरी येतात. जी गोष्ट वर्तमानपत्रात येत नाही ती आपल्या पायाखालची. आमच्या महाविद्यालयाच्या फाटकासमोरचा रस्ता गेल्या वर्षात तीन वेळा खणला. आधी पाण्याच्या नळासाठी चर खणली, ती बुजवली, वर डांबर घातले. डांबर वाळते न वाळते तोच विजेची केबल आली. तीही झाली, आणि परीक्षेच्या ऐन आठवड्यात पेव्हर ब्लॉक उपटून कोणीतरी तिसरे आले. दर वेळी एक पत्र्याचा फलक लागे, ‘काम चालू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ क्षमा कोण मागत आहे, ते मात्र त्यावर लिहिलेले नसे. आमच्या वर्गातील एका मुलीला काठीशिवाय चालता येत नाही. ती त्या दिवसांत रिक्षा फाटकापर्यंत येत नाही म्हणून अर्धा तास आधी घरून निघे. समन्वयाचा अभाव हा शब्द अहवालात वाचताना फार मोठा वाटतो; प्रत्यक्षात त्याचा अर्थ हा असा असतो.

सगळ्या संस्था मोडून एकच महासंस्था करावी, असे माझे म्हणणे नाही. एकाच हाती सारी कंत्राटे गेली तर काय होते याची कल्पना करण्यास फार बुद्धी लागत नाही. मला एवढेच वाटते की शहराचा एक नकाशा असावा, ज्यावर प्रत्येकाचा नळ, केबल, खांब आणि पूल उंचीसह मांडलेला असेल. त्या नकाशावर आले नसेल ते काम सुरू होऊ नये. आणि ‘थांबा, शेजारच्या पुलाचे काय?’ असे विचारण्याचा अधिकार ज्याला असेल तो माणूस आपल्या मतांवर निवडून आलेला असावा. राज्यघटनेला हे सुचलेले आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून लागू झाली, महानगरासाठी महानगर नियोजन समिती सांगितली आहे. तिच्यातले किमान दोन-तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या आणि पंचायतींच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींमधून यावेत असे ती म्हणते. महाराष्ट्रात त्यासाठीचा कायदा १९९९ सालचा आहे. आपण राज्यशास्त्राच्या पेपरात या समितीवर पाच गुणांची टीप लिहितो. पण पुलाच्या किंवा मेट्रोच्या बातमीत या समितीचे नाव आपण शेवटचे कधी वाचले? आणि निवडून आलेले प्रतिनिधीच जिथे वर्षानुवर्षे नव्हते, तिथे त्यांचे दोन-तृतीयांश आणायचे कोठून?

घटनेची अंमलबजावणी आपल्या हाती नाही हे खरे. फाटकासमोरचा रस्ता मात्र रोज आपल्या पायाखाली आहे. राज्यशास्त्र मंडळाने येत्या वर्षी एक साधी वही ठेवावी अशी माझी सूचना आहे. महाविद्यालयाच्या चारी बाजूंच्या रस्त्यांवर चर कोणी खणली, कोणत्या तारखेला खणली, कधी बुजवली आणि पुन्हा कधी उपटली, एवढ्याच नोंदी तिच्यात असाव्यात. फलकावर संस्थेचे नाव नसेल तर विभाग कार्यालयात जाऊन ते विचारून यावे आणि विचारायला किती खेटे पडले तेही लिहावे. वर्षअखेर ती वही नगरसेवकांपुढे ठेवता येईल. पहिल्या तिमाहीचे काम मी घ्यायला तयार आहे. दुसऱ्या तिमाहीसाठी नावे ग्रंथालयाजवळच्या सूचनाफलकावर लिहावीत.